पाय जायबंदी झालेले पिल्लू : ओळख, उपचार आणि दक्षता

बीड जिल्ह्याचा बराचसा भाग बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात येतो. पावसाची अनिश्चितता आणि हलकी जमीन यांमुळे केवळ शेतीवर निर्वाह होणे येथील असंख्य कुटुंबांना कठीण जाते. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे ऊसतोडणीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. अशा कुटुंबांच्या परसातील पाच-सहा कोंबड्या ही लहान बाब वाटली, तरी अंड्यांचा व पक्ष्यांचा पैसा थेट घरातील स्त्रीच्या हाती येतो आणि मुलांच्या वह्या, तेल-मीठ, औषधपाणी असे खर्च त्यातून भागतात.

गावठी कोंबडी वर्षाला साधारणपणे ६० ते ८० अंडी देते आणि तलंग सुमारे सहाव्या महिन्यात अंड्यावर येते. त्यामुळे दोन महिन्यांचे पिल्लू लंगडू लागले म्हणजे पुढील उत्पन्नच धोक्यात येते. अशा पिल्लाला बहुधा कापले जाते किंवा कळपात तसेच सोडले जाते. कळपातील इतर पक्षी त्याला टोचतात, दाण्यापाण्याजवळ येऊ देत नाहीत आणि दुखापतीपेक्षा उपासमारीनेच ते मरते. वास्तविक लहान पक्ष्याचे हाड लवकर सांधते. वेळीच काळजी घेतल्यास अशी अनेक पिल्ले दोन-तीन आठवड्यांत चालू लागतात. मात्र लंगडण्याचे कारण दुखापत आहे की रोग, याचा निर्णय प्रथम झाला पाहिजे.

दुखापत की रोग?

पिल्लू हातात घेऊन दोन्ही पाय मांडीपासून बोटांपर्यंत एकमेकांशी ताडून पाहावेत. एकाच पायाला सूज, ऊब, वाकडेपणा किंवा जखम असेल, पिल्लू खातपीत असेल व इतर पक्षी निरोगी असतील, तर ती बहुधा दुखापत असते. जनावराचा पाय पडणे, दारात चेंगरणे, मांजर-कुत्र्याचा चावा, उंचावरून उडी ही तिची नेहमीची कारणे होत. पायाला गुंडाळलेला सुतळीचा वा केसाचा तुकडाही रक्तप्रवाह थांबवून बोटे निकामी करतो. म्हणून तो प्रथम शोधावा.

याउलट एकापेक्षा अधिक पक्षी एकाच वेळी लंगडत असतील, तर रोगाची शंका घ्यावी. मान वाकडी होणे, हिरवट हगवण, धाप लागणे ही राणीखेत अर्थात मानमोडीची लक्षणे आहेत. एक पाय पुढे व एक मागे ताणून पडलेली तलंग मरेक रोगाची असू शकते. हंगेरीतील पशुवैद्य योझेफ मारेक यांनी १९०७ मध्ये या रोगाचे प्रथम वर्णन केले. पिल्लाची बोटे आत मुडपून ते घोट्यांवर चालत असेल, तर आहारात ब-२ जीवनसत्त्वाची उणीव संभवते.

पहिले उपाय

दुखावलेले पिल्लू त्वरित कळपातून वेगळे करावे. डालगे किंवा हवेशीर खोके पुरेसे असते. जागा इतकी लहान असावी की पिल्लाला धावता येऊ नये. तळाशी भाताचे तूस किंवा कोरडा भुसा पसरावा. गुळगुळीत कागदावर पाय घसरून फाकतात. पाणी व कण्या पिल्लाच्या चोचीजवळ उथळ भांड्यात ठेवाव्यात. अंगावर पुरती पिसे न आलेल्या पिल्लाला ऊब आवश्यक असते. पहिल्या आठवड्यात ती सुमारे ३५ अंश सेल्सिअस असावी व पुढे दर आठवड्याला सुमारे ३ अंशांनी कमी करावी. जखम स्वच्छ, कोमट पाण्याने धुऊन पोव्हिडोन आयोडीन लावावे. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या पक्ष्याला स्वतःच्या अंदाजाने कधीही देऊ नयेत.

कामटी बांधण्याची रीत

घोट्याखालील नळी मोडली असून कातडी शाबूत असेल, तर आधार बांधता येतो. या कामाला दोन माणसे लागतात. एकाने पिल्लू मऊ फडक्यात गुंडाळून धरावे. डोळ्यांवर फडके आले म्हणजे पक्षी शांत राहतो. त्याची छाती मात्र दाबू नये. पक्ष्याला माणसासारखा श्वासपटल नसतो. छातीचे हाड हलल्यानेच त्याचा श्वास चालतो, म्हणून घट्ट पकडीत तो गुदमरतो.

दुसऱ्याने पाय हळुवारपणे सरळ रेषेत आणून त्यावर कापसाचा पातळ थर द्यावा. दोन्ही बाजूंना बांबूची हलकी, टोके घासलेली कामटी ठेवून चिकटपट्टीने बांधावे. दोन तासांनी व पुढे रोज बोटे तपासावीत. ती थंड, सुजलेली किंवा काळपट दिसल्यास पट्टी लगेच सैल करावी. पट्टी साधारण दोन ते तीन आठवड्यांनी काढावी व त्यानंतरही काही दिवस पिल्लाला मोकळे सोडू नये. मांडीच्या हाडाला मात्र घरी कामटी बांधता येत नाही.

अंड्यातून बाहेर आल्यावर लगेच पाय फाकलेल्या पिल्लाचे दोन्ही पाय नैसर्गिक अंतरावर ठेवून मऊ पट्टीने आठच्या आकड्यासारखे सैल जोडावेत. पहिल्या आठवड्यातच हा उपाय केल्यास काही दिवसांत गुण येतो.

दवाखान्याची मदत

हाड बाहेर आले असेल, मांडी मोडली असेल, जखमेला दुर्गंधी येत असेल किंवा बोट चिमटूनही पाय आखडला जात नसेल, तर पशुवैद्यकाचा सल्ला घ्यावा. फिरत्या पशुवैद्यकीय सेवेसाठी १९६२ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक आहे. औषधोपचार केलेल्या पक्ष्याचे मांस व अंडी पशुवैद्यकाने सांगितलेली मुदत संपेपर्यंत खाऊ नयेत. पाय बरा होण्याची आशाच नसेल, तर पक्ष्याला तडफडत ठेवणे ही दया नव्हे. त्याचा निर्णयही पशुवैद्यकाच्या सल्ल्याने घ्यावा.

अनेक पक्षी अचानक मेल्यास ते विकू वा खाऊ नयेत. उघड्यावरही टाकू नयेत. ताबडतोब दवाखान्यास कळवावे. भारतात बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे आढळला. जानेवारी २०२१ मध्ये शेजारच्या परभणी जिल्ह्यात मुरुंबा येथे कोंबड्यांमध्ये हा रोग निष्पन्न झाला.

दुखापत टाळता येते

आठवडी बाजारात किंवा ऊसतोडणीच्या प्रवासात कोंबड्यांचे पाय दोरीने बांधून त्यांना उलटे लटकावण्याची प्रथा आहे. पायांना इजा होण्याचे ते एक मोठे कारण असून, डालग्यातून ने-आण केल्यास ते सहज टळते. खुराड्यातील बसण्याची दांडी पिल्लांसाठी बुटकी ठेवावी, सुतळीचे तुकडे परसात पडू देऊ नयेत. राणीखेतची लस पहिल्या आठवड्यात व पुन्हा सहा ते आठ आठवड्यांच्या वयात द्यावी.

ऊसतोडणीच्या हंगामात परसातील कोंबड्यांची देखभाल पुष्कळ घरांत आजी-आजोबांकडे व शाळकरी मुलांकडे येते. शिक्षकांनी पिल्लू धरण्याची योग्य रीत आणि नंतर साबणाने हात धुण्याची सवय मुलांना शिकवावी. पंचायत सदस्यांनी लसीकरणाचा दिवस कुटुंबे गाव सोडण्यापूर्वी ठरवून घ्यावा. एक डालगे, दोन कामट्या आणि तीन आठवड्यांची निगा एवढ्यावर एक तलंग वाचते, आणि एका गरीब घराचे चार पैसेही.