जड भारा, हलका चारा

अलिबाग-मुरूडच्या डोंगरउतारांवर पावसाळ्याच्या चार महिन्यांत दोन-तीन हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. एवढं पाणी प्यालेलं गवत सकस असायला हवं. श्रावणात ते असतंही. पण दसरा-दिवाळीपर्यंत त्याला तुरे येतात, बी गळतं, काड्या कडक होतात आणि जनावर ते निव्वळ पोट भरायला खातं. पाण्याने दगा दिलेला नसतो. गवताचं वय झालेलं असतं.

उन्हाळ्यात हाच प्रकार वेगळ्या रूपात वाड्यांमध्ये दिसतो. चौल-नागावकडे नारळी-पोफळीला दिलेल्या पाण्यावर बांधाकडेला संकरित नेपियर, म्हणजे आपलं हत्ती गवत, सहज पोसतं. विहिरीला पाणी आहे तोवर मोटर चालू. गवत बघता बघता डोक्यावर जातं. भारा उचलताना कमरेत कळ आली की गाईचं भागलं, असं आपण धरून चालतो.

जरा हिशेब करू. 20 किलोच्या भाऱ्यात 85 टक्के पाणी असेल, तर पाणी वजा जाता कोरडा चारा भरतो 3 किलो. पाणी 78 टक्के असेल, तर 4.4 किलो. 300 किलो वजनाच्या गाईला दिवसाला असा साडेसात ते नऊ किलो कोरडा चारा लागतो. पाणी काय, ती हौदावरही पिते.

गवतातली प्रथिनं तयार होतात ती मुळांनी शोषलेल्या नत्रातून. मुबलक पाण्यावर काडी झपाट्याने वाढते, नत्र मात्र तेवढाच राहतो आणि जास्त काडीत वाटला जातो. किनाऱ्याच्या रेताड जमिनीत तर जादा पाणी नायट्रेटला मुळांखाली घेऊन जातं. पैसे मोजून टाकलेला युरिया विहिरीच्या वाटेला लागतो. त्यात उंच खोडाला उभं राहायला लिग्निन लागतं आणि गाईच्या पोटातल्या जिवाणूंना ते पचवता येत नाही. उलट, पाण्याचा किंचित ताण पडला की खोड आखडतं, फुलोरा लांबतो, पानांचं प्रमाण वाढतं. भारा लहान होतो, पण किलोमागे पोषण बहुधा सुधारतं. ताण फार झाला तर पानंच करपतात, खोडात नायट्रेट साचतं. ताणातल्या कोवळ्या ज्वारीची किराळ, म्हणजे विषबाधा, तर गुराख्यांना ठाऊकच आहे.

चाऱ्यात सुमारे सात टक्क्यांहून कमी प्रथिनं असली, की पोटातले जिवाणूच उपाशी राहतात आणि गाय खाणं कमी करते. भाताच्या पेंढ्यात ती जेमतेम तीन-चार टक्के. जून होणारं हिरवं गवतही त्याच दिशेने घसरतं. म्हणून नेपियरच्या बाबतीत मोटरीइतकाच कोयता महत्त्वाचा: सहा-सात आठवड्यांनी कापलेलं गवत आणि दहा आठवडे उभं ठेवलेलं गवत, नाव एक, चारा दोन. फार कोवळं कापण्याचीही घाई नको. त्यात ऑक्झलेट जास्त असतं, ते कॅल्शियम अडवतं. क्षारमिश्रणाची सवय ठेवलेली बरी.

रायगडकरांकडे पाणी न मागणारा एक चाराही आहे, त्याची मोजदाद कुणी फारशी करत नाही. भातकापणीनंतर जमिनीतल्या ओलीवर आणि दवावर कडवे वाल येतात, पाण्याची पाळी न देता. द्विदल पीक; मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र धरून देतात. हिरव्या शेंगा पोपटीच्या मडक्यात भाजायला जातात. मळणीनंतर उरलेल्या पालाभुशात पेंढ्यापेक्षा बरीच जास्त प्रथिनं असतात. तो बांधावर पेटवून देण्यापेक्षा पेंढ्यात मिसळून गव्हाणीत टाकावा.