पट, निकाल आणि गळती : गैरसमज आणि वस्तुस्थिती

दहावीचा निकाल लागला की ‘कोकण विभाग राज्यात पहिला’ ही बातमी रत्नागिरीला सवयीची झाली आहे. तिचा अभिमान वाटणं स्वाभाविक आहे. मात्र त्या एका आकड्यावरून शाळांविषयी काढलेले बरेच निष्कर्ष चुकीचे असतात.

गैरसमज १ : निकाल ९८ टक्के, म्हणजे गळती जेमतेम दोन टक्के.
वस्तुस्थिती : २०२५ मध्ये कोकण विभागाचा दहावीचा निकाल ९८.८२ टक्के लागला. ही टक्केवारी परीक्षेला बसलेल्यांची आहे. समजा, नववीत १०० मुलं होती, दहावीच्या परीक्षेला ९० बसली आणि ८९ उत्तीर्ण झाली. निकाल जवळजवळ ९९ टक्के लागेल, पण उरलेल्या दहा मुलांचं काय झालं, हे तो सांगणार नाही. ते गळतीच्या आकड्यातून कळतं. गेल्या वर्षी पटावर असलेल्यांपैकी यंदा कोणत्याच शाळेत नसलेली मुलं किती, हे त्यात मोजतात.

गैरसमज २ : शाळेचा पट घसरला, म्हणजे मुलं शाळा सोडताहेत.
वस्तुस्थिती : २००१ ते २०११ या दशकात रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्याच १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर आली. गावात मुलंच कमी असतील, कुटुंबं मुंबईला गेली असतील, तर पट घटणारच. कमी पट आणि गळती हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

गैरसमज ३ : दाखला दिला की शाळेची जबाबदारी संपली.
वस्तुस्थिती : २०२२-२३ पासून यू-डायस प्लस प्रणालीत प्रत्येक मुलाची स्वतंत्र नोंद होते. मूल शाळा सोडतं तेव्हा त्याची नोंद ‘ड्रॉपबॉक्स’मध्ये जाते आणि नव्या शाळेने ती आपल्याकडे घ्यायची असते. तिने ती घेतली नाही, तर वर्गात रोज हजर असलेलं मूलही कागदावर गळती ठरतं. सातवीनंतर गावची शाळा सोडून हायस्कूलला जाणाऱ्या मुलांबाबत म्हणूनच दोन्ही शाळांनी एकमेकींशी खात्री करून घेणं गरजेचं आहे.

गैरसमज ४ : दाखला हातात नसेल तर प्रवेश मिळत नाही.
वस्तुस्थिती : शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्यातील कलम ५ नुसार, दाखल्याला उशीर झाला म्हणून आठवीपर्यंतच्या मुलाचा प्रवेश लांबवता किंवा नाकारता येत नाही. बंदरावर किंवा चिरेखाणीवर कामाला आलेल्या कुटुंबांना हे आवर्जून सांगायला हवं, कारण कागदाअभावी घरी बसलेलं मूल बघता बघता कायमचं शाळेबाहेर जातं.

गैरसमज ५ : गैरहजर मुलाचं नाव पटावर ठेवलं, तर कुणाचं काय बिघडतं?
वस्तुस्थिती : बिघडतं ते त्या मुलाचंच. पटावर नाव आहे म्हटल्यावर त्याला शोधायला कुणी जात नाही. राज्याच्या व्याख्येप्रमाणे ६ ते १४ वयाचं मूल महिनाभर सलग गैरहजर असेल, तर नाव पटावर असूनही ते शाळाबाह्य ठरतं. संचमान्यतेत शिक्षकांची पदं पटावरून ठरतात, त्यामुळे पट फुगवण्याचा मोह होतो. ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या काळात राज्यभर झालेल्या पटपडताळणीत पटावरची लाखो मुलं प्रत्यक्षात सापडली नाहीत. खोट्या नावांवर होणारा खर्च खऱ्या मुलांच्या वाट्याचा असतो.

गैरसमज ६ : गळती दाखवली की शाळेची बदनामी होते.
वस्तुस्थिती : गळती लपवणारी शाळा त्या मुलाची परतीची वाट बंद करते. प्रामाणिक नोंद झाली, तरच गृहभेट, विशेष प्रशिक्षण आणि वयानुरूप वर्गात प्रवेश या पुढच्या गोष्टी घडू शकतात. म्हणून अधिकाऱ्यांनी खरा आकडा देणाऱ्या मुख्याध्यापकाला नोटीस न काढता मदत द्यायला हवी.

पालकांनी आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यांनी पुढच्या बैठकीत एकच प्रश्न विचारावा : गेल्या वर्षी पटावर असलेलं प्रत्येक मूल आज कुठे शिकतं आहे? शाळेला त्याचं उत्तर नावानिशी देता आलंच पाहिजे.