चित्रांतून सांगितलेली क्रांती : ‘पर्सेपोलिस’च्या निमित्ताने

नववीत शिकणारी आमची कन्या एके दिवशी शाळेतून एक पुस्तक घेऊन आली. फ्रेंचच्या तासाला ते नेमले होते. मी चाळून पाहिले तर पानोपानी चित्रेच, तीही काळी-पांढरी. “अगं, हे तर कॉमिक!” असे माझ्या तोंडून गेले. ‘चांदोबा’ आणि ‘अमर चित्रकथा’ यांवर वाढलेल्या माझ्यासारख्याला चित्रांचे पुस्तक म्हणजे सुट्टीतला विरंगुळा. “बाबा, आधी वाच, मग बोल,” असे उत्तर मिळाले. माझे फ्रेंच ‘बोंजूर’च्या पुढे जात नाही, म्हणून गावच्या वाचनालयातून जर्मन प्रत आणली आणि एका रात्रीत संपवली. त्या पुस्तकाची ओळख वाचकांना करून द्यावी, म्हणून हा लेख.

पुस्तकाचे नाव ‘पर्सेपोलिस’. इराणच्या प्राचीन राजधानीचे हे ग्रीकांनी दिलेले नाव. इराणी लोक तिला ‘तख्त-ए-जमशेद’ म्हणतात. लेखिका आणि चित्रकार एकच, मार्जान सत्रापी. जन्म १९६९चा, बालपण तेहरानमध्ये. मूळ फ्रेंच पुस्तक २००० ते २००३ या काळात चार भागांत निघाले, २००४ साली ते जर्मनमध्ये आले आणि २००७ साली त्यावर चित्रपटही झाला. हे आत्मचरित्र आहे, फक्त ते शब्द आणि चित्रे यांच्या जोडीने सांगितलेले आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. जानेवारी १९७९ मध्ये इराणचा शहा देश सोडून गेला आणि फेब्रुवारीत आयातोल्ला खोमेनी परतले. शहाविरुद्ध रस्त्यावर उतरलेल्यांत डावे होते, उदारमतवादी होते, धार्मिकही होते. मार्जीचे आईवडील पहिल्या दोन गटांच्या जवळचे. वडील इंजिनिअर. राजा गेला की लोकशाही येईल असा त्यांचा हिशेब होता. तो चुकला. ज्या क्रांतीसाठी ते मोर्च्यात गेले, तीच पुढे त्यांच्या घरात शिरली. मार्जीचा लाडका काका शहाच्या तुरुंगात वर्षानुवर्षे राहिला, क्रांतीनंतर सुटला आणि नव्या राजवटीने त्याला मृत्युदंड दिला.

पुस्तकाची सुरुवात मात्र मोर्चाने किंवा तुरुंगाने होत नाही. ती होते एका रुमालाने. १९८० साल, दहा वर्षांची मुलगी, आणि शाळेत डोके झाकण्याची नवी सक्ती. कशासाठी ते मुलींना कळत नाही. मधल्या सुट्टीत त्या रुमालांशीच खेळतात. कोणी त्याचा लगाम करते, कोणी दोरीच्या उड्या मारते. हसू येते, आणि हसता हसता लक्षात येते की या पोरींच्या हातून काय काढून घेतले जात आहे.

हे चित्रांतच का सांगावे? स्कॉट मॅक्लाउड या व्यंगचित्रकाराने १९९३च्या आपल्या पुस्तकात एक मुद्दा मांडला आहे. चेहरा जितका हुबेहूब, तितका तो दुसऱ्या कोणाचा तरी वाटतो. चार रेषांत काढलेल्या चेहऱ्यात वाचक स्वतःला पाहतो. आम्हा संगणकवाल्यांच्या भाषेत, तपशील गाळला की उरलेला नमुना सगळ्यांना लागू पडतो. छायाचित्रातली इराणी मुलगी ‘तिकडची’ राहते. सत्रापींची मार्जी, दोन टिंबांचे डोळे आणि एक तीळ, माझ्या मुलीसारखी दिसू लागते.

दुसरी गोष्ट, चित्र जिथे थांबते तिथली. इराक-इराण युद्धात शेजारच्या घरावर क्षेपणास्त्र पडते. ढिगाऱ्यात मार्जीला मैत्रिणीचे ब्रेसलेट दिसते आणि त्यापुढची चौकट निव्वळ काळी आहे. शब्दांत लिहिणाऱ्याला इथे काहीतरी लिहावेच लागले असते.

वडील म्हणून मला सर्वांत जड गेले ते १९८४चे विमानतळावरचे पान. हट्टी, प्रश्न विचारणारी मुलगी तिथे सुरक्षित राहणार नाही, हे ओळखून आईवडील चौदाव्या वर्षी तिला एकटीला व्हिएन्नाला पाठवतात. ती काचेतून मागे वळून पाहते, तर आई बेशुद्ध पडलेली आणि वडिलांनी तिला उचलून घेतलेले. व्हिएन्नात सुरक्षितता मिळते, घर मिळत नाही. एकदा ती आपण फ्रेंच असल्याचेच सांगून टाकते आणि मग स्वतःचीच लाज वाटून आपण इराणी असल्याचे ओरडून सांगते. आपल्यापैकी ज्यांची मुले इथे वाढली, त्यांनी हे प्रकरण आवर्जून वाचावे.

वाचून झाल्यावर मी कन्येला म्हटले, “बिचाऱ्या मुली! आपल्याकडे बरं की असलं काही नव्हतं.” तिने विचारले, “नक्की?”

आमच्या वाईच्या घरात पणजीचे एक छायाचित्र आहे. विसाव्या वर्षी विधवा झालेली, केशवपन केलेली, डोक्यावरून आलवण घेतलेली. आलवण तांबडे असते. पण फोटो काळा-पांढरा, त्यामुळे तो रंग आम्हा पोरांना कधी दिसलाच नाही. कर्व्यांनी पुण्यात १८९६ साली विधवांसाठी आश्रम काढला होता. आमच्या वाड्यापर्यंत मात्र तो वारा पोचला नाही. न्हाव्यापुढे बसताना तिला काय वाटले, हे घरात कोणी विचारल्याचे माझ्या वडिलांना आठवत नाही. मी मुलीला हे सगळे सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही.

इथे एक गैरसमज टाळला पाहिजे. हे पुस्तक कापडाविरुद्ध नाही. १९३६ साली रझा शहाने इराणात बुरखाबंदी केली, तेव्हा पोलीस बायकांच्या डोक्यावरून चादर ओढत होते. १९८३ साली डोके झाकणे कायद्याने सक्तीचे झाले. दोन्ही वेळी निर्णय बाईचा नव्हता. फ्रान्समध्ये शाळेतल्या रुमालावर बंदी आणण्याचे घाटत होते, तेव्हा सत्रापींनी त्या बंदीलाही विरोध केला. जर्मनीतही शिक्षिकांच्या रुमालाचा प्रश्न २००३ आणि २०१५ साली घटना न्यायालयापुढे आला होता. त्या वादात कोणीही एका बाजूने हे पुस्तक पुढे करू लागले, तर एवढे ध्यानात ठेवावे.

आपल्याकडे अशी लेखिका झालीच नाही असे नाही. लक्ष्मीबाई टिळकांनी वडिलांचे कमालीचे सोवळे, १८९५ मधले पतीचे धर्मांतर आणि त्यातून झालेली आपली फरफट हसत हसत सांगितली. त्यांनी एकही चित्र काढले नाही, पण पुस्तकाचे नाव ठेवले ‘स्मृतिचित्रे’. माझ्या पणजीला मात्र लिहिता येत नव्हते.

सप्टेंबर २०२२ मध्ये तेहरानात महसा अमिनी ही बावीस वर्षांची तरुणी पोलीस कोठडीत असताना दगावली. ऑक्टोबरात बर्लिनमध्ये सुमारे ऐंशी हजार लोक जमले. आमच्या इमारतीतल्या इराणी बाई त्या मोर्च्याला गेल्या होत्या. दहा वर्षे आम्ही जिन्यात ‘गुटेन टाग’ म्हणत आलो. त्या कधी आणि का आल्या, हे मी विचारले नव्हते. पुस्तक वाचल्यावर विचारले. चहाला बोलावून त्यांनी दोन तास सांगितले. मध्येच ‘दरवाजा’, ‘शहर’, ‘हुशार’ असे शब्द आले की आम्ही एकमेकांकडे पाहून हसायचो. फारसीने ते आपल्याला कधीच देऊन ठेवले आहेत.

तेव्हा वाचकहो, वाचनालयात कॉमिकच्या कपाटाशी एकदा थांबा. मुलांबरोबर वाचा. आणि घरी जुना काळा-पांढरा फोटो असेल, तर त्यातल्या बाईबद्दल, सांगणारे कोणी आहे तोवर, विचारून ठेवा.