रक्तातील 'सीआरपी' : मुक्या रुग्णाची साक्ष

कुठे व किती दुखते हे श्वानाला सांगता येत नाही; पुष्कळदा तो वेदना झाकूनच ठेवतो. त्यामुळे "आता हा बरा झाला ना?" या घरच्यांच्या प्रश्नाचे उत्तर केवळ ताप व भूक पाहून देणे धोक्याचे ठरते. अशा वेळी आम्ही ज्या रक्ततपासणीचा आधार घेतो, तिची माहिती आपणांस देत आहोत.

जंतुसंसर्ग, इजा वा अन्य कारणाने शरीरात दाह निर्माण झाला, की यकृत काही विशिष्ट प्रथिने अधिक प्रमाणात रक्तात सोडू लागते. 'सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन' अर्थात सीआरपी हे त्यांपैकी एक. न्यूयॉर्क येथील रॉकफेलर संस्थेतील टिलेट व फ्रान्सिस यांनी १९३० मध्ये न्यूमोनियाच्या रुग्णांच्या संदर्भात त्याची प्रथम नोंद केली. निरोगी श्वानात ते साधारणतः लिटरमागे १० मिलिग्रॅमहून कमी असते. तीव्र दाहात ते काही तासांतच वाढू लागते, एक-दोन दिवसांत शंभराच्याही पुढे जाऊ शकते आणि दाह शमताच झपाट्याने उतरते. पांढऱ्या पेशी नुसत्या भीतीने वा स्टेरॉइडनेही वाढतात. सीआरपीचे सहसा तसे होत नाही.

गर्भाशयात पू झालेल्या मादीचे उदाहरण घेऊ. शस्त्रक्रियेनंतर पहिल्या दिवशी सीआरपी वाढणे स्वाभाविकच असते. परंतु पुढे ते उतरले नाही, किंवा उतरून पुन्हा चढले, तर टाके स्वच्छ दिसत असूनही आम्ही तिला घरी न पाठवता आतील संसर्गाचा शोध घेतो. न्यूमोनियामध्ये प्रतिजैविके केव्हा थांबवावीत, हे ठरवण्यासही या तपासणीचे साहाय्य होते. सीआरपी पूर्ववत झाल्यावर काही दिवसांनी औषध थांबवले असता उपचारांचा काळ कमी झाला व आजार उलटण्याचे प्रमाण वाढले नाही, असे फिनलंडमधील २०१७ च्या एका अभ्यासात आढळून आले.

या तपासणीच्या मर्यादाही सांगणे आमचे कर्तव्य आहे. दाह आहे एवढेच ती सांगते. तो कोठे व कशामुळे, हे नाही. गोचीड-ताप, अपघात, कर्करोग यांतही सीआरपी वाढते, तर त्वचेच्या किरकोळ विकारात ते जवळपास स्थिर राहते. माणसांसाठीचे तपासणी-संच श्वानांसाठी विश्वसनीय असतीलच असे नाही. मांजरांमध्ये सीआरपीचा उपयोग होत नाही. तेथे 'सीरम अ‍ॅमिलॉइड ए' हे प्रथिन पाहावे लागते.

एका आकड्यापेक्षा आकड्यांची चाल महत्त्वाची. म्हणूनच प्राणी हिंडू-फिरू लागला तरी त्याला फेरतपासणीस अवश्य आणावे, ही पालकांना विनंती. ज्यांना तो खर्च पेलवत नाही, त्यांच्या मुक्या सोबत्याची ही दुसरी, तिसरी तपासणी देणगीदारांच्या औदार्यानेच शक्य होते.