तरुणांची त्वचा आणि नित्याचा अभ्यंग

बारामती तालुक्यांतील कोऱ्हाळे बुद्रुकचा मुलूख पर्जन्यछायेंतला. थंडींतील कोरडी हवा तेथें अंगास चटकन जाणवते. तरीही, टाचा भेगाळल्या तरी ‘हे बायकी सोपस्कार’ म्हणून तरुण तिकडे दुर्लक्ष करितात. वस्तुतः वाग्भटानें ‘अष्टांगहृदयां’त अभ्यंग नित्य करावा असें सांगितलें, आपण तो दिवाळीपुरता ठेविला!

क्रम अगदीं सोपा आहे. स्नानास कढत नव्हे, कोमट पाणी घ्यावें. साबण सौम्य व बेताचा असावा. अंग टिपून तें ओलसर असतांनाच खोबरेल किंवा व्हॅसलीन पातळ चोळावें, म्हणजे ओलावा टिकतो. तारुण्यपीटिका येत असल्यास चेहऱ्यास तेल टाळून तेलविरहित क्रीम लावावें. भेगांतून रक्त आल्यास डॉक्टरांस दाखवावें.

घरांतील वडील मंडळींनींच तेलाची वाटी पुढें केली, तर मुलांचा संकोच सहज गळेल.