चुकीचा वाटणारा गंधार
रोमा संगीताचा मागोवा : भाग ५

क्लुज शहराच्या पूर्वेला मेझोशेग नावाचा टेकड्यांचा मुलूख आहे. ट्रान्सिल्व्हेनियाचा, म्हणजे आज रोमानियात असलेल्या प्रदेशाचा हा भाग. तिथल्या पालात्का गावच्या रोमा वादकांचं ध्वनिमुद्रण मी पहिल्यांदा ऐकलं, तेव्हा अर्ध्या मिनिटात थांबवलं. वरचं व्हायोलिन स्वच्छ कोमल गंधार लावत होतं आणि साथीची वाद्यं खाली शुद्ध गंधार धरून बसली होती. आपल्या मैफलीत असं झालं तर गायक मान वळवून पेटीवाल्याकडे पाहील. मी पुन्हा सुरुवातीपासून लावलं. दुसऱ्या फेरीत त्याच जागी तेच झालं, तिसऱ्या फेरीतही तेच. तीन वेळा एकाच जागी, एकाच ठामपणे वाजलेला स्वर चुकून लागलेला नसतो. या संगीताचा अभ्यास कसा करायचा, याचा पहिला धडा मला त्या गंधारानं दिला.

मागच्या भागात आपण लिस्ट आणि बार्टोक या संगीतकारांचा वाद पाहिला. लिस्टनं 1859 च्या पुस्तकात हंगेरीच्या संगीताचं श्रेय रोमा लोकांना दिलं. बार्टोकनं 1931 मध्ये उलट बाजू मांडली : ज्याला लोक जिप्सी संगीत म्हणतात, ती हंगेरियन रचनाकारांची गाणी आहेत, रोमा ती फक्त वाजवतात. वाद गाजला, पण दोघांचं भांडण चालीच्या मालकीवरून होतं. चालीखाली काय वाजतं आणि ते कोण ठरवतं, हा प्रश्न बाजूलाच राहिला. या भागात त्याच प्रश्नाकडे जाऊ.

ज्यांना कॉर्ड हा प्रकार फक्त गिटारवाल्यांच्या बोलण्यातून माहीत आहे, त्यांनी पेटीवर सा, शुद्ध ग आणि प एकदम दाबून पाहावं. हा मेजर कॉर्ड. गंधार कोमल केला की मायनर. पाश्चात्त्य शास्त्रात चाल आणि कॉर्ड एकाच घराण्यातले असावेत अशी अपेक्षा असते. चालीत कोमल गंधार असेल तर खाली मायनर यावा. युरोपातल्या संगीतशाळांत शिकलेले अभ्यासक ही अपेक्षा घेऊनच रोमा वादकांकडे गेले आणि ती पुरी झाली नाही की खेडवळ अज्ञान असा शेरा मारून मोकळे झाले. आपली अपेक्षा वेगळी असते. आपल्याला कॉर्डच नको असतो, सोबत तंबोरा हवा असतो. दोन्ही अपेक्षा दाराबाहेर काढून ठेवल्याशिवाय पालात्काच्या वादकांचं ऐकूच येत नाही.

मेझोशेगच्या संचात पुढे असतो प्रीमाश, म्हणजे मुख्य व्हायोलिनवाला. साथीला कोंत्रा आणि खाली डबल बास. कोंत्रा हे दिसायला व्हायोलापेक्षा वेगळं नाही, पण त्याला तीनच तारा असतात आणि तारा ज्यावर टेकतात ती घोडी वरून सपाट कापलेली असते. व्हायोलिनची घोडी कमानदार असते, त्यामुळे गज एका वेळी एका किंवा दोन तारांना भिडतो. कोंत्रावर तो तिन्ही तारांवर एकदम चालतो. वाद्य आडवं न धरता छातीशी कलतं धरतात, म्हणजे गज सहज पुढेमागे जातो. तारांची जुळणीही मजेशीर आहे. पहिली तार सा धरली तर दुसरी पंचमाची आणि तिसरी रिषभाची. हा रिषभ पंचमाच्या वरचा नाही, त्याच्या खालचा. त्यामुळे तिन्ही स्वर एकमेकांना चिकटून बसतात आणि कॉर्ड घट्ट, भरीव वाजतो. सा आणि प मोकळे ठेवून रिषभाच्या तारेवर बोट ठेवून ग काढला की मेजर तयार.

आता इथेच थांबून विचार करण्यासारखं आहे. त्या तारेवर बोट अर्ध्या स्वरानं मागे घेतलं तर कोमल गंधार मिळतो. हाताला ते जड नाही. वाद्य मायनर कॉर्डला अडवत नाही. तरीही मेझोशेगचा जुना कोंत्रावादक जवळजवळ सगळीकडे मेजरच वाजवतो. चालीतला महत्त्वाचा स्वर हलला की त्याच्याबरोबर अख्खा मेजर कॉर्ड उचलून नेतो, मग वरची चाल कोमल स्वरांची असो वा शुद्ध. तिथून थोडं पश्चिमेला कालोतासेग भागात गेलं की मायनर कॉर्ड भरपूर ऐकू येतात आणि शहरी वळणही येतं. तेच वाद्य, तोच समाज, अंतर फार नाही, पण रिवाज वेगळा. म्हणून 'रोमा हार्मनीचे नियम' असं एक पान लिहून काढता येत नाही. एका गावाचे, एका घराण्याचे, फार तर एका पिढीचे नियम लिहिता येतात. माझ्या मते या विषयातल्या बहुतेक चुका हे एक पान लिहिण्याच्या हौसेतून झाल्या आहेत.

मग साथीचं हे वेगळेपण संशोधकांच्या कानांवर इतक्या उशिरा का पडलं? एक कारण यंत्राचं. बार्टोक आणि त्याचा सहकारी कोदाय 1906 पासून एडिसनचा फोनोग्राफ घेऊन खेड्यांत फिरले. मेणाच्या नळकांड्यावर जेमतेम काही मिनिटं मावत आणि कर्ण्याच्या तोंडाशी जो असेल त्याचाच आवाज नीट उमटे. तिथे गाणारा बसला, फार तर प्रीमाश. मागे उभा असलेला कोंत्रा म्हणजे दूरचा गुणगुणाट. दुसरं कारण दृष्टीचं. शोध चालला होता जुन्या चालींचा. साथ ही नंतर चिकटलेली गोष्ट समजली जात होती.

या दृष्टीला पहिला मोठा छेद दिला हंगेरियन संशोधक लास्लो लायतानं. 1940 मध्ये उत्तर ट्रान्सिल्व्हेनिया हंगेरीकडे गेला, तेव्हा सेक गावच्या वादकांचं वाजवणं त्यानं ध्वनिमुद्रित केलं आणि मग सगळ्या संचाचं स्वरलेखन केलं : व्हायोलिन, कोंत्रा, बास, प्रत्येकाची वेगळी ओळ, एकाखाली एक. सेकचा ग्रंथ 1954 मध्ये आला. एकेका कॉर्डसाठी तोच तुकडा पुन्हा पुन्हा ऐकायचा, हे काम किती सोशिक असेल याची कल्पना कुठलंही गाणं कानानं उतरवून पाहिलेल्याला येईल. साथ करणाऱ्याच्या हाताला छापील पानावर स्वतःची ओळ मिळाली, हे मला त्या ग्रंथाचं सगळ्यात मोठं काम वाटतं.

पण स्वरलेखनालाही मर्यादा आहे. कागदावर चालीचा स्वर आणि त्याखालचा कॉर्ड एका उभ्या रेषेत बसवावे लागतात. प्रत्यक्षात ते एका क्षणी पडतातच असं नाही. ट्रान्सिल्व्हेनियाच्या काही संथ प्रकारांत ठोके असमान अंतरांचे असतात आणि व्हायोलिन साथीच्या थोडं पुढेमागे सरकत राहतं. फिलिप्पो बोनिनी बाराल्दी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 2015 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वादकांच्या हालचाली यंत्रानं टिपून ही अंतरं मोजली. वरवर हा लयीचा अभ्यास आहे, पण हार्मनीसाठीही तो मोलाचा. कोंत्राचा कॉर्ड येऊन गेलेल्या स्वराचा की येणाऱ्या स्वराचा, हे कळल्याशिवाय त्याला नाव कसं देणार? रेष अर्ध्या ठोक्यानं सरकली की मेळ बेसूर दिसतो आणि बेसूर मेळात बसतो.

यावर उपाय म्हणजे वादकांना वेगवेगळं ऐकणं. साधं वाटतं, पण कोंत्रावाल्याला 'तू एकटाच वाजव' म्हटलं की तो अडखळतो, कारण त्याचे कॉर्ड प्रीमाशच्या गजावर नजर ठेवून येतात. संगीतसंशोधक सिम्हा आरोम यानं 1970 च्या दशकात मध्य आफ्रिकेत अशाच अडचणीवर तोड काढली : आधी सगळ्यांचं एकत्र ध्वनिमुद्रण करायचं, मग एकेका वादकाच्या कानाला ते लावून त्याचा भाग स्वतंत्र नोंदवायचा. साथीदार कानात असतात आणि फितीवर मात्र एकच वाद्य उमटतं. ट्रान्सिल्व्हेनियाच्या संचांसाठी याहून चोख पद्धत मला दिसत नाही.

आणखी एक वाट हातातून जाते. 1972 मध्ये बुडापेस्टला तान्त्सहाज म्हणजे नृत्यघरांची चळवळ सुरू झाली. शहरातली तरुण मुलं खेड्यांतल्या वादकांसमोर बसून कोंत्रा शिकली. शिकताना 'चुकीचा' कॉर्ड स्वतःच्या बोटांखाली येतो आणि गुरू नुसता मान हलवतो. त्या नकारातून जे कळतं ते प्रश्नावलीतून कळत नाही. संगीतसंशोधक मॅन्टल हूड यानं 1960 मध्येच हा आग्रह धरला होता की अभ्यासकानं दुसऱ्यांचं संगीत वाजवायला शिकावं, जशी दुसरी भाषा शिकतात. पुढे 1997 पासून बुडापेस्टच्या फोनो संगीतगृहात 'अखेरचा तास' या नावानं खेड्यांतले संच बोलावून त्यांचं ध्वनिमुद्रण सुरू झालं. नाव किती खरं होतं, हे त्यानंतर गेलेल्या म्हाताऱ्या वादकांकडे पाहिलं की जाणवतं.

एक धोका आपल्या बाजूनंही आहे आणि तो मराठी वाचकाला सांगायलाच हवा. 'जिप्सी स्केल' म्हणून जी सप्तकं पुस्तकांत दिसतात, त्यांतलं एक तंतोतंत भैरव थाटाचं आहे. ते पाहून आपण हरखतो : आले की आपलेच सूर! हा पुरावा नाही. हेच स्वरांतर तुर्की, अरबी, ग्रीक संगीतात सर्वत्र आहे. रोमा भारतातून गेले याचा भक्कम पुरावा भाषेत आहे. पाणी, कान, काळा हे शब्द रोमानीत जवळजवळ तसेच आहेत. मराठीच्या जडणघडणीवर मूलभूत ग्रंथ लिहिणाऱ्या ज्यूल ब्लॉक यांनी पुढे रोमांवरही पुस्तक लिहिलं, हा काही योगायोग नव्हे. सुरांच्या बाबतीत मात्र आपण हात आखडता घ्यावा.

कारण कॉर्ड हा काही रक्तातून येत नाही. हंगेरीतल्या व्लाख रोमा कुटुंबांत परंपरेनं वाद्यंच नसत. 'लोकी जिली' म्हणजे संथ गाणं आणि 'खेलिमास्की जिली' म्हणजे नाचाचं, त्यातला खेळ आपल्याला लगेच ओळखू येतो. नाचाच्या गाण्याला तोंडानं काढलेले बासचे बोल, चमचे आणि पाण्याची घागर पुरते. तिथे कॉर्ड नाही. कॉर्ड आहे तो पेशेवर वादकांकडे, जे हंगेरियन, रोमानियन, सगळ्यांच्या लग्नांत वाजवतात. त्यामुळे कोणता कॉर्ड का वाजतो, हे विचारताना बिदागी कोण देतो आणि नाचायला कोण उभं आहे, हेही विचारावं लागतं. आता हे प्रश्न रोमा अभ्यासक स्वतःही विचारत आहेत. 2019 मध्ये खुल्या झालेल्या रोमआर्काइव्ह या डिजिटल संग्रहातला संगीताचा विभाग पेत्रा गेल्बार्ट यांनी रचला आहे. त्या स्वतः रोमा आहेत.

आठवडाभरात वाचकांनी एक करून पाहावं. पालात्काच्या संचाचं कोणतंही ध्वनिमुद्रण मिळवा, चालीकडे कान देऊ नका, फक्त मधला भरीव आवाज ऐका. पाच-सहा फेऱ्यांनंतर तो शुद्ध गंधार टोचायचा थांबतो आणि त्याची वाट पाहिली जाऊ लागते. पुढच्या भागात आपण दक्षिणेला, बुखारेस्टजवळच्या क्लेजानी गावात जाऊ. तिथे कॉर्डचं काम हातोड्यांनी वाजवायच्या त्सांबालकडे असतं. नाचाच्या संगीतातल्या या साथीवर स्पेरांत्सा रादुलेस्कु यांनी 1984 मध्ये अख्खं पुस्तक लिहिलं.