कोकण रेल्वेची गाडी ‘क्रॉसिंग’ला का थांबते?

कोकणात जाणारी गाडी एखाद्या लहान स्थानकात थांबते, आणि डब्यात कुणीतरी म्हणतंच, “क्रॉसिंग असेल.” थोड्या वेळाने समोरून दुसरी गाडी धडधडत निघून जाते. ही भेट कुठे घडवायची, हे कंट्रोल ऑफिसमधल्या एका आलेखावर ठरतं.

त्यात आडवी वेळ आणि उभी स्थानकं, अंतराच्या प्रमाणात. प्रत्येक गाडीची एक तिरकी रेषा. चढ जितका उभा, तितका वेग जास्त. गाडी थांबली की रेषा आडवी. फ्रेंच शास्त्रज्ञ एतियन-ज्यूल मारे यांच्या आलेखपद्धतीवरील ग्रंथात पॅरिस-लियॉ मार्गाचं असं वेळापत्रक आहे. ही पद्धत इब्री नावाच्या इंजिनिअरची मानली जाते. त्या ग्रंथाच्या काळी या प्रवासाला नऊ तासांहून अधिक लागत. 1981 साली आलेल्या टीजीव्ही या वेगवान गाडीची रेषा त्याच कागदावर काढली, तर ती जवळजवळ कड्यासारखी उभी दिसते.

मोबाइलवरचा सरकता ठिपका गाडी आत्ता कुठे आहे एवढंच सांगतो. आलेखात अख्खा दिवस एकदम दिसतो, म्हणून तो कितीतरी अधिक बोलका.

रोहा ते ठोकूर हा कोकण रेल्वेचा सुमारे 740 किलोमीटरचा मार्ग बहुतांशी एकेरी आहे. रोहा-वीर टप्पा 2021 साली दुहेरी झाला. एकेरी मार्गावर समोरासमोरच्या दोन रेषा स्थानकातच छेदल्या पाहिजेत, कारण बाजूची लूप लाइन तिथेच असते. एक गाडी उशिरा धावली की तिची रेषा उजवीकडे सरकते आणि छेदबिंदू दोन स्थानकांच्या मधे जातो. तसं घडू देता येत नाही. मग एकीला आधीच्या स्थानकात रोखावं लागतं, आणि तिचा उशीर पुढच्या क्रॉसिंगला भेटणाऱ्या गाडीच्या माथी येतो. कंट्रोलर पूर्वी या रेषा पेन्सिलीने हाताने ओढत. आता त्या संगणकाच्या पडद्यावर उमटतात.

पावसाळ्यात दरडींच्या धोक्यामुळे वेग कमी केला जातो. सगळ्या रेषा कलंडतात, क्रॉसिंगची स्थानकं बदलतात, म्हणूनच वेगळं पावसाळी वेळापत्रक लागतं. गणपती नेमके याच काळात येतात. चाकरमान्यांच्या जादा गाड्यांसाठी त्या दाटीतूनच फट शोधावी लागते, आणि नियमित गाड्यांना वाट देत या जादा गाड्या ठिकठिकाणी थांबून राहतात.